शेवटचं अक्षर पुढे

कात्री हे नाव तिला आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, ऑफिसनं चिकटवलं होतं. पाणीपुरवठ्याचं ऑफिस, तळमजला, जिन्याखालची खोली. खोलीला खिडकी एकच, तीही मोटारसायकली लावायच्या जागेकडे उघडणारी, त्यामुळे उन्हाऐवजी धूरच जास्त यायचा. तिथे एका काळ्या पडद्यासमोर ही बाई दिवसभर बसायची आणि कापाकापी करायची. कापड नाही, कागद नाही, शब्द कापायची.

काम ऐकलं तर कोणालाही हसू येईल. मीटर वाचणारी माणसं आधी नाव लिहिणार आणि मग आडनाव. बिल छापणाऱ्या यंत्राला हवं आधी आडनाव. तारखा यायच्या दिवस, महिना, वर्ष अशा, आणि हव्या असायच्या बरोबर उलट्या. ग्राहक क्रमांकाच्या पोटात वॉर्डाचा आकडा दडलेला. तो मधूनच उचलून पुढे लावला की बिलं वाटणाऱ्याच्या रस्त्याप्रमाणे गठ्ठे आपोआप लागायचे. हे हातानं करायचं म्हटलं तर माणसाला वेड लागेल. कात्री संगणकाच्या काळ्या पडद्यावर दोन ओळींचा हुकूम लिहायची, त्याला ती स्क्रिप्ट म्हणायची, आणि एक बटण दाबलं की गावभरची नावं उलटीची सुलटी. त्यातल्या एका हुकमाचं नावच मुळी 'कट'. त्यावरून ही कात्री. तिला ते नाव मनापासून आवडायचं, पण तसं तिनं कोणाला सांगितलं नाही, कारण ती कोणाला काही सांगतच नसे.

एकदा साहेबांच्या डोक्यात आलं की बिलावर जागा वाचवायची, नावाचं फक्त पहिलं अक्षर छापायचं. कात्रीनं कापलं आणि छापलं. आठवडा उलटतो न उलटतो तोच एक आजोबा बिल नाचवत जिन्याखाली आले. "माझं नाव शि-पासून सुरू होतं! मला नुसता श कोणी केला? माझी वेलांटी कुठे गेली?"

कात्रीनं बिल हातात घेतलं. ती नुसती उभी राहिली, कान लाल झालेले. शेवटी साहेबच खाली आले, आजोबांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि वर म्हणाले, "कात्री, अहो, त्यांची वेलांटी त्यांना देऊन टाका बघू."

झालं होतं असं, की आपल्या लेखी 'शि' हे एक अक्षर आणि यंत्राच्या लेखी ती दोन: आधी श, मग वेलांटी. काना, मात्रा, वेलांटी, उकार, सगळे यंत्राच्या हिशेबी सुटे गडी. पहिलं अक्षर दे म्हटलं की ते श काढून देतं आणि वेलांटी मागे लोंबकळत ठेवतं. कात्रीनं ते बिल सुधारलं, यंत्राची ती खोड लक्षात ठेवली आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

आता ती बोलत का नसे, तर तिला कधी बोलावंच लागलं नव्हतं. तिच्या वाटणीचं सगळं ताई बोलायची. दुकानात कमी मापाचं तेल दिलं तर भांडायची ताई, शाळेत बाईंना सांगायची ताई, घरमालकाला नळ गळतोय म्हणून सुनवायची ताई. कात्रीसाठी जी स्थळं आली त्यांना नकारही ताईनंच दिले. एका स्थळाला तर इतका गोड नकार दिला की ती माणसं घरी पोचेपर्यंत त्यांना कळलंच नाही म्हणतात. ताईच्या आवाजात तशी जादूच होती. म्हणून तर ती बसस्थानकावर घोषणा करणारी झाली. काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्यांची नावं सांगायची, आणि उशीर झालेल्या गाडीची बातमीसुद्धा अशी सांगायची की लोक चिडायचं विसरून जायचे. कात्रीची संध्याकाळची बस त्या स्थानकात थांबायची. खिडकीशी बसून ती ताईचा आवाज ऐकायची आणि मगच तिचा दिवस संपायचा. ताई राहायची मुलाकडे, दोन गल्ल्या पलीकडे. कात्री एका खोलीत आणि स्वयंपाकघरात एकटी, अगदी मजेत.

तर त्या ताईच्या घशात गाठ निघाली.

गाठ साधी आहे, डॉक्टर म्हणाले. स्वरतंतूवर आहे, काढली की संपलं. पण काढल्यावर आवाज कसा येईल ते आत्ताच सांगता येणार नाही. येईल, पण पूर्वीचा येईल की दुसराच येईल, ते तंतूच ठरवतील. आणि ऑपरेशनच्या आधीपासूनच तोंडाला पूर्ण कुलूप, कुजबुजायचंसुद्धा नाही.

ताईनं मान हलवली आणि फोन हातात घेतला. बोलायचं ते त्यावर टाइप करायचं. पण इथे एक भानगड झाली. तिचा मुलगा, म्हणजे कात्रीचा भाचा, स्वभावानं लाख माणूस, आईसाठी सुट्टी काढून दवाखान्यात तिच्या खाटेशी बसला होता. आणि आईनं काही टाइप केलं रे केलं की तो वाकून वाचायचा आणि मोठ्यानं सगळ्या वॉर्डाला सांगायचा. "आई म्हणतेय, पाणी हवंय!" "आई म्हणतेय, शेजारच्या बाई घोरतात!" शेजारच्या बाई जाग्याच होत्या. ज्या बाईनं जन्मभर माइकवरून बोलून गावाला ऐकायला लावलं तिचाच माइक आता मुलानं हातात घेतला होता. ताईनं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी कात्री वॉर्डात स्टुलावर बसली होती, ताई समोर, मधे भाचा. कात्रीचा फोन वाजला. उघडून बघते तर समोरच बसलेल्या ताईचा निरोप: "चाह चुलगाम चारफ चडबडतोब."

भाच्यानं मान लांब करून वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. कात्रीला बाहेर नेऊन तो हळूच म्हणाला, "मावशी, औषधाची गुंगी आहे गं. बोटं भलतीकडेच पडतायत तिची."

कात्रीनं निरोप पुन्हा वाचला. आणि एकदम आठवलं. च-ची भाषा!

ही भाषा त्या दोघींनी लहानपणी वापरली होती, मोठ्या माणसांच्या नाकासमोर. नियम सोपा. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, त्याचा काना-मात्रा तिथेच ठेवून जागेवर च बसवायचा, आणि काढलेलं अक्षर शेवटी नेऊन ठेवायचं. पाणीचं चाणीप, खोटंचं चोटंख. 'तू' या एका शब्दाला मात्र ही भाषा लावायची नाही अशी आईची सक्त ताकीद होती. का, ते मोठं झाल्यावर कळलं आणि दोघी पोट धरून हसल्या. आ-पासून सुरू होणाऱ्या शब्दांत आणखी एक मेख होती. 'आई'मधला काना काढून च-ला द्यायचा आणि उरलेला अ मागे: चाईअ. धाकटी तिथे हमखास अडखळायची, अख्खा आ-च उचलून मागे नेऊन टाकायची, 'चईआ' म्हणायची. ताई हमखास सुधारायची. ताईची जीभ या भाषेत अशी सुटायची की ऐकत राहावं, आणि धाकटी प्रत्येक शब्दाशी बोटं मोजत बसायची. "ढ आहेस नुसती," ताई म्हणायची. मग हसून, "ढ-ला आपल्या भाषेत काय म्हणायचं? चढ! चढ बघू जिना, चढ!"

आता इतक्या वर्षांनी तो निरोप हातात घेऊन कात्री बसली होती आणि तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ताई तिच्याकडे बघत होती, डोळ्यांत खट्याळ हसू. कळलं ना, असं विचारणारे डोळे. आणि कात्रीनं मान डोलावली. 'हो.' ओठ दाबून हसलीसुद्धा. काय करणार? पुन्हा ढ म्हणवून घ्यायला ती काही आठ वर्षांची राहिली नव्हती.

ऑफिसात आल्या आल्या तिनं निरोप काळ्या पडद्यावर घेतला आणि हुकूम लिहायला बसली. पहिला च टाकून दे. शेवटचं अक्षर उचल. पुढे आणून लाव. एवढंच. बटण दाबलं आणि शेवटच्या शब्दाच्या सुरुवातीला पूर्णविराम येऊन बसला. शेवटचं अक्षर पुढे आण म्हटलं तर यंत्रानं मुकाट्यानं शेवटचा ठिपकाच आणला होता. तिनं ठिपके बाजूला काढले. पुन्हा बटण दाबलं.

"हा मुलगा फार बडबडतो."

कात्री जिन्याखालच्या खोलीत एकटी खोखो हसली. वरून कोणीतरी वाकून बघून गेलं. आणि मग तिच्या लक्षात आलं की तिनं वेलांटी-उकाराचं काहीच केलं नव्हतं, तरी शब्द बिनचूक जुळले होते. च गेला तेव्हा त्याचा उकार मागेच राहिला, आणि म पुढे येऊन त्याला चिकटला. आजोबांच्या बिलात जी खोड नडली होती तीच इथे नियमाला धरून होती. यंत्राला ही भाषा जन्मापासून येत होती म्हणायची! जोडाक्षर आलं की तेवढं गडबडायचं. 'त्रास'चं 'चासत्र' केलेलं परत उलटवताना ते 'रासत्' असलं काहीतरी काढून द्यायचं. पण एवढं तर कात्रीला अंदाजानं कळायचं.

त्या दिवसापासून ठरूनच गेलं. ताई निरोप धाडायची, कात्री वॉर्डात मान डोलवायची, हसायची, आणि ऑफिसात जाऊन तो उलगडायची. सिस्टरची चाल, डॉक्टरांचे मोजे, शेजारच्या बाईंचं घोरणं, सगळं तिला काही तासांनी कळायचं, आणि मग ती एकटीच हसायची. ताईला शंका आली नाही. उलट तिला आनंद झाला होता. धाकटी इतकी पटापट समजते म्हणून ती आणखी लांबलांब लिहू लागली होती. फसवणूक म्हणावी तर होती. पण त्यात दोघींचंही बरं चाललं होतं, असं कात्री स्वतःला समजवायची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी भाचा कागदांवर सह्या करायला खाली गेला होता. ताई उशीला टेकून बसली होती. चेहरा नेहमीचाच, केस नीट विंचरलेले. तिनं फोन उचलला, थोडा वेळ नुसताच धरला आणि मग टाइप केलं. कात्रीचा फोन वाजला.

"चाऊज चकोसन. चलाम चीतीभ चाटतेव."

कात्रीनं बघितलं. छोटा निरोप आहे, काहीतरी गंमत असणार, तिला वाटलं. त्यातला 'चाटतेव' वाचून तर तिला हसूच आलं. तिनं हसून मान डोलावली. 'हो हो.' ताईचा हात थोपटला. घड्याळ बघितलं, साहेबांना चार वाजता बिलांचे गठ्ठे हवे होते. तिनं पिशवी खांद्याला लावली, दारातून हात हलवला आणि गेली.

ताई बघत राहिली, हे कात्रीनं पाहिलं नाही. ते तिला नंतर सिस्टरनं सांगितलं.

गठ्ठे झाले. साहेब गेले. चहाचा कप बाजूला ठेवून कात्रीनं निरोप पडद्यावर घेतला आणि बटण दाबलं.

"जाऊ नकोस. मला भीती वाटते."

तिनं ते एकदा वाचलं. मग खुर्ची मागे सरली, कप कलंडला, पिशवी राहिली ती राहिलीच. ती रस्त्यावर आली तेव्हा तिच्या पायात ऑफिसातल्या सपाता होत्या. बस मिळेना, म्हणून चालत सुटली, मग पळत. आयुष्यात जी बाई बससाठीसुद्धा कधी पळाली नव्हती ती भर बाजारातून पळत होती आणि तोंडानं एकच चाललं होतं, "मेले गं बाई, मी हो म्हणून आले. मी हो म्हणून आले."

वॉर्डात भाचा बसला होता. "आत्ताच आडवी झाली आहे," तो म्हणाला. "मावशी, कुठे होतीस? सारखी दाराकडे बघत होती."

ताई भिंतीकडे तोंड करून होती. कात्री स्टुलावर बसली. संध्याकाळची औषधं आली, दिवे लागले, भाचा डबा आणायला गेला. तेव्हा ताई वळली. धाकटीच्या पायातल्या सपाता बघितल्या, घामानं भिजलेला चेहरा बघितला. फोन घेतला आणि साध्या, सरळ भाषेत टाइप केलं: "भाषा विसरलीस ना?"

कात्रीनं मान डोलावली. या वेळी कळून डोलावली.

"मग मान कशाला हलवलीस?"

याला काय उत्तर देणार? ऑफिसात हुकूम लिहिलाय, त्याला येते, मला येत नाही, असं? ढ म्हणशील म्हणून लाजले, असं? ताईनं फोन उशीखाली सारला आणि पुन्हा भिंतीकडे वळली. कात्री तिथेच बसून राहिली. रडू येत होतं, पण ताईला ऐकू जाईल म्हणून तेही गिळलं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली, तपासायला गेली आणि निरुपद्रवी ठरली. भाच्याचा जीव भांड्यात पडला, त्यानं अख्ख्या वॉर्डाला बिस्किटं वाटली. आता जखम भरेपर्यंत मौन चालू ठेवायचं आणि मग आवाज काढून बघायचा. ताई घरी आली. कात्री रोज ऑफिस सुटल्यावर जायची. निरोप यायचे. "पाणी दे." "खिडकी लाव." "बस." सगळं शुद्ध, सगळं सरळ, परक्या माणसाला लिहावं तसं. एकाही शब्दाला च नाही. दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहणारी बहीण कात्रीला फार लांब गेल्यासारखी वाटू लागली.

तेव्हा कात्रीनं ठरवलं, आता शिकायचंच. तोंडानं.

शिकवायला कोण? पुन्हा यंत्रच. तिनं उलटा हुकूम लिहिला: साधा शब्द दिला की पहिलं अक्षर शेवटी ने आणि पुढे च लाव. जेवणाच्या सुट्टीत ती शब्द घालायची, उत्तर बघायची आणि पुटपुटत पाठ करायची. 'कुठे'चं 'चुठेक'. 'जात'चं 'चातज'. 'नाही' घातलं तर यंत्रानं दिलं 'चाहीन'. ती पडद्याकडे बघतच राहिली. नाही म्हणायचं आणि ऐकू यायचं चाहीन. लहानपणी हजारदा म्हटलं असेल, कधी लक्षातच आलं नव्हतं. तिला ताईला ते सांगावंसं वाटलं, लगेच, त्या क्षणी. मग आठवलं की आता सांगायची सोय नाही.

बसमध्येही अभ्यास चालू. दुकानांच्या पाट्या मागे पडायच्या आणि ही ओठ हलवायची. दवाखाना, चवाखानाद. वळण, चळणव. औषधालयाची पाटी आली की ऐटीत 'चषधालयऔ'. यंत्रानं तसंच सांगितलं होतं. यंत्राच्या लेखी औ हे एक सबंध अक्षर, आ-सुद्धा सबंध. ते सबंध उचलून मागे नेत होतं. म्हणजे तीच ती लहानपणीची चूक! यंत्रही कात्रीच्याच वर्गातलं, शेवटच्या बाकावरचं निघालं. पण दोघंही एकच चूक करत असल्यामुळे ती पकडणार कोण? शेजारी बसलेल्या एका बाईनं मात्र या पुटपुटण्याचा धसका घेऊन जागा बदलली.

स्थानकात बस थांबायची तेव्हा माइकवर कोणीतरी नवीन मुलगी असायची. गाड्यांची नावं घाईघाईनं उरकायची. कात्री खिडकीची काच लावून घ्यायची.

आवाज काढायचा दिवस आला. डॉक्टरांची खोली छोटीशी: टेबल, तपासायचा दिवा, उंच खुर्ची, भिंतीवर घशाचं मोठं चित्र. खुर्चीत ताई, बाजूला सिस्टर, टेबलाशी भाचा, आणि कात्री तिच्या नेहमीच्या जागी, म्हणजे दाराला चिकटून.

डॉक्टरांनी घशात दिवा टाकून बघितलं. "उत्तम. जखम पूर्ण भरली आहे. आता घाबरायचं नाही. फक्त 'आ' म्हणा."

ताईनं ओढणी सावरली, पाठ ताठ केली, माइकसमोर बसायची तशी. तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"पुन्हा एकदा. जोर नको. हळूच."

पुन्हा हवा. भाच्यानं टेबलाची कड घट्ट धरली. ताईनं तोंड मिटलं आणि नाही नाही अशी मान हलवली. डॉक्टर समजुतीनं म्हणाले, "हे बघा, तंतू ठीक आहेत. तुम्ही भीतीनं त्यांना धरून ठेवताय. आत्ता प्रयत्न सोडलात तर त्यांना गप्प राहायचीच सवय लागेल."

पण ताईनं हात पुढे केला. फोन मागत होती. फोन सिस्टरच्या हातात होता. ताईचे डोळे भरून आले होते आणि ओठ असे घट्ट मिटले होते, की कात्रीला कळलं, आता एकदा का तो फोन हातात आला की ही पुन्हा तोंड उघडायची नाही. जी सगळ्यांशी बोलली, धाकटीच्याही वाटणीचं बोलली, ती उरलेला जन्म 'पाणी दे' आणि 'खिडकी लाव' टाइप करत काढेल.

कात्री दारापासून पुढे आली. सिस्टरच्या हातातला फोन तिनं मधेच हात घालून अडवला आणि भर खोलीत, डॉक्टरांसमोर, भाच्यासमोर, मोठ्यानं म्हणाली:

"चाईत. चीम चहेआ. चुठेक चातज चाहीन."

खोलीत कोणाला काही समजेना. डॉक्टरांनी भाच्याकडे बघितलं, भाच्यानं मावशीकडे. आता हिलाही गुंगी आली की काय, असा त्याचा चेहरा झाला होता. कात्रीचे कान लाल झाले होते, पण ती जागची हलली नाही. ताई, मी आहे. कुठे जात नाही. एवढंच तिला म्हणायचं होतं. त्या दुपारी म्हणायचं राहून गेलेलं, पडद्याशिवाय, बटणाशिवाय, स्वतःच्या तोंडानं.

ताई तिच्याकडे बघत होती. बघता बघता तिच्या कपाळावर आठी पडली. ती आठी कात्रीनं लहानपणापासून पाहिली होती. चूक ऐकली की ताईला राहवायचंच नाही. झोपेत असली तरी उठून सुधारेल अशी ती बाई. तिनं श्वास घेतला. घशातून आधी खरखर आली, जड खाट फरशीवरून ओढावी तशी. मग त्या खरखरीतून, हळू, जाड, पूर्वीपेक्षा कितीतरी खालच्या पट्टीत, पण आवाज आला. खरा आवाज.

"चाहेअ."

सिस्टरच्या हातातला फोन खाली पडता पडता राहिला. ताईनं स्वतःच्या गळ्याला हात लावला. थांबली. पुन्हा म्हणून बघितलं, जरा जास्त स्पष्ट, धाकटीकडे बोट रोखून.

"चहेआ नाही गं. चाहेअ." आणि मग डोळ्यांतून पाणी वाहत असताना हसून, "चढ कुठली!"

कात्री खाली बसली. खुर्ची नव्हती, जमिनीवरच बसली, ताईच्या गुडघ्याला डोकं टेकून, आणि इतके दिवस गिळलेलं सगळं रडून घेतलं. कोण ऐकतंय, कोण बघतंय, तिला काही पडलेलं नव्हतं. ताईचा हात तिच्या डोक्यावर होता.

भाच्याला काय करावं सुचत नव्हतं. तो एकदा आईकडे बघायचा, एकदा डॉक्टरांकडे. "आई बोलली! डॉक्टर, आई बोलली ना? पण काय बोलली ती? मावशी, काय म्हणाली आई?"

कात्रीनं पदरानं तोंड पुसलं. जन्मात पहिल्यांदाच ताईच्या वाटणीचं बोलायची पाळी तिच्यावर आली होती.

"आहे," ती म्हणाली. "'आहे' म्हणाली ती."